उताणी पडलेली कोळीण

नव्वदीच्या दशकात शिरूरच्या भाड्याच्या खोलीत माझ्यासोबत राहणारा जीव एकच होता: डब्यातली तळहाताएवढी केसाळ कोळीण, टॅरँटुला. इनामगावच्या एका आप्पांनी घोड नदीच्या काठच्या बिळातून ती काढून दिली होती. आप्पा मेंढरं विकून शेतीला लागलेले, पण नजर अजून मेंढपाळाची, जमिनीवरचं बीळ न् बीळ टिपणारी.

पेशीच्या भिंतीत बारीक दारं असतात, त्यांतून विद्युतभारित कण ये-जा करतात. या कोळ्याच्या विषातलं एखादं पेप्टाइड, म्हणजे प्रथिनाचा छोटा तुकडा, नेमक्या एका दाराला कडी घालतं. मग काय थांबलं ते पाहायचं, म्हणजे त्या दाराचं काम कळतं. हे माझं संशोधन. पुण्याच्या प्रयोगशाळेत जिवंत कोळी आणायला बंदी, म्हणून ती माझ्याकडे. विषाच्या थेंबांची कुपी थर्मासमधल्या बर्फात ठेवून एसटीनं न्यायचो. आणखी दोनदा विष मिळालं की काम पुरं होणार होतं.

बोलायला दुसरं कुणी नव्हतं, म्हणून तिच्याशी बोलायचो. तिनं खाणं सोडलं तेव्हा वाटलं, रुसली. नाकतोडे दिले, माफी मागितली. कशाबद्दल, ते तिलाही ठाऊक नसावं.

एका सकाळी ती उताणी, आठही पाय वर. मी, जीवशास्त्राचा पदवीधर, डोळे पुसले आणि तिला नमुना म्हणून स्पिरिटच्या बाटलीत घातलं.

बाजाराला आलेले आप्पा खोलीवर डोकावले. त्यांनी बाटली उजेडात धरली. पाठीवरचं कवच उसवलं होतं, आतून नवी मखमल दिसत होती.

“कवा मेली?”

“काल. उताणी पडली होती, आप्पा.”

“अवो, कात टाकाया उताणीच पडत्यात त्या! मरताना पाय पोटाशी घेत्यात. एवढं शिकला, आन् हे ठावं न्हाई व्हय?”

मी हसलो. ते हसले नाहीत.

“दुसरी मिळेल का?”

“मिळंल. पर आधी खोलीवर एखादं माणूस आणा. मेली का कात टाकती, एवढं तरी कुणी इचारंल तुमाला.”

असं माणूस कुठल्या बिळात सापडतं, ते आप्पांनी सांगितलं नाही.

उरलेल्या थेंबांवर एकच प्रयोग झाला. पेशीतला विद्युतप्रवाह दाखवणारी पडद्यावरची रेघ सपाट झाली. दाराला कडी बसली होती. पण दुसरी कोळीण आली नव्हती, पुन्हा करून दाखवायला विष नव्हतं, म्हणजे शास्त्राच्या लेखी ते घडलंच नव्हतं.

“कोळीण कशानं गेली?” प्रयोगशाळेतल्या माझ्या मार्गदर्शक सरांनी विचारलं.

“म्हातारपणानं,” मी म्हणालो.

“अरेरे,” म्हणत ते जेवायला गेले. मी त्या सपाट रेघेसमोर बसून राहिलो. ती पाहायला मी एकटाच होतो.