मावशींच्या व्हॅनचा वेग

माझा मुलगा दुसरीत होता तेव्हा तो ज्या व्हॅनने शाळेत जायचा, ती एक बाई चालवायच्या. आमच्याकडे, नालासोपारा पूर्वेला, तेव्हा बाईने शाळेची गाडी चालवणं नवलाचं होतं. मुलं त्यांना मावशी म्हणायची, म्हणून आम्ही मोठी माणसंही मावशीच म्हणू लागलो. त्यांचं माहेर आणि सासर दोन्ही भातशेतीवाल्या गावांतलं. गाडी मुळात नवऱ्याची. त्याची पाठ कायमची धरली, गाडीत बसणं जमेना, तेव्हा पस्तिशी उलटल्यावर मावशी चालवायला शिकल्या आणि गाडी त्यांच्या नावावर झाली.

त्या फार हळू चालवायच्या. आचोळे रोडवर रिक्षा तर सोडाच, जोर लावणारा सायकलवालाही त्यांना मागे टाकायचा. "बाकीच्या व्हॅन केव्हाच पोचतात," असं मुलगा रोज कुरकुरायचा. शाळेला उशीर मात्र कधी झाला नाही, कारण मावशी सगळ्यांच्या आधी घरातून निघायच्या.

एका संध्याकाळी त्या आमच्या दारात उभ्या राहिल्या. आत या म्हटलं तर आल्या नाहीत.

"वहिनी, एक सांगायचं आहे. लायसन नवं करायला गेले होते, तर आरटीओत म्हनाले तुमच्या नावावर केस आहे. हायवेवर नव्वदच्या वर गाडी पळवली म्हनून. ती मी नव्हते. पन खोडलं जात नाही तोवर ते माझ्या नावावर आहे. मुलाला पाठवायचं का नाही ते तुम्ही ठरवा. नाही पाठवलंत तरी मला राग नाही."

एवढं बोलून त्या पुढच्या घरी गेल्या. व्हॅनमधल्या प्रत्येक मुलाच्या घरी जाऊन त्यांनी हेच सांगितलं. त्यांनी सांगितलं नसतं तर आम्हा कुणाला कळण्याचं कारणच नव्हतं.

"असं आपण होऊन सांगायला कोण येतं?" माझा नवरा म्हणाला. मुलाला आम्ही पाठवत राहिलो. दोन घरांनी मात्र दुसऱ्या दिवसापासून मुलं थांबवली.

आरटीओच्या बाहेर बसणाऱ्या एजंटाने मावशींना सोपी वाट दाखवली होती. चूक मान्य करा, दंड भरा, लायसन घेऊन जा. दंड काही फार नव्हता. मीही त्यांना तेच सुचवलं.

"दंडाचं नाही वहिनी," त्या म्हणाल्या. "पन मान्य केलं की ते माझ्या हातून झालं असं होतं. मग पोरांच्या घरी मी काय सांगून आले?"

जुन्या लायसनची मुदत संपायला थोडेच दिवस उरले होते. दोन खेपा वाया गेल्यावर त्या मला म्हणाल्या, "तुम्ही हापिसात काम करता. सोबत चला. बोलायचं ते मी बोलेन, तुम्ही नुसत्या बसा." मी रजा टाकली आणि त्यांच्याच व्हॅनमधून आम्ही गेलो.

या खिडकीवरून त्या खिडकीवर असं करत शेवटी आम्ही एका इन्स्पेक्टर साहेबांसमोर पोचलो. माणूस वाईट नव्हता, कंटाळलेला होता.

"बाई, इथे येणारा प्रत्येक जण हेच सांगतो, तो मी नव्हतो म्हणून."

"सांगत असतील," मावशी म्हणाल्या. "तुम्ही खाली या साहेब. माझी गाडी बघा. ती नव्वदला जाते का, तेवढंच बघा."

साहेबांनी हातातलं पेन खाली ठेवलं. आणि खरंच उठले. मागच्या बाकावर, मुलांच्या जागेत, मी गुडघे पोटाशी घेऊन बसले. साहेब मावशींच्या शेजारी.

"चला, पळवा."

मावशींनी गाडी काढली आणि चाळीसवर नेऊन ठेवली.

"अजून."

"इथं चाळीसची पाटी आहे."

"मी सांगतोय ना."

"तुम्ही सांगताय साहेब. पन पाटी अजून तिथंच आहे."

मी खिडकीबाहेर पाहू लागले. झालं, आता हे काम कसलं होतंय, असं मला वाटलं. ज्या माणसाच्या हातात आपलं लायसन, पोटापाण्याचा धंदा सगळं आहे, त्याला असं कोण बोलतं? मावशींचा आवाज मात्र मुलांना 'हात आत घ्या' सांगतानाचा असतो तसाच होता.

साहेबांनी गाडी बाजूला घ्यायला लावली. उतरून ते चालकाच्या जागी आले आणि मावशी शेजारी सरकल्या. वस्ती संपून रस्ता मोकळा झाला तसा त्यांनी ॲक्सिलरेटर दाबत नेला. साठला स्टिअरिंग थरथरू लागलं. सत्तरच्या आत-बाहेर मागचं दार असं वाजायला लागलं की मी ते दोन्ही हातांनी धरून ठेवलं. काटा त्यापुढे जाईना. जळका वास आला तेव्हा साहेबांनी पाय काढला.

"ही नव्वदला? उतारावरून ढकलली तरी जायची नाही," ते म्हणाले आणि पहिल्यांदा हसले. "आणि हिच्यातून पोरं नेता तुम्ही?"

"चाळीसला ती एकदम शांत चालते, साहेब."

ऑफिसात परत आल्यावर त्यांनी हायवेवरच्या चौकीतून मूळ पावती मागवली. पुढच्या आठवड्यात उलगडा झाला. पोलिसाने गाडीचा नंबर मराठी आकड्यांत लिहिला होता, आणि त्यातला शेवटचा '१' संगणकात भरणाऱ्याला इंग्रजी '9' वाटला होता. पळवलेली गाडी कुठल्या तरी भलत्याच माणसाची होती. मावशींच्या नावावरची केस काढली गेली, लायसन नवं झालं, आणि तेही मुदतीच्या आत.

मावशी पुन्हा प्रत्येक दारात गेल्या. थांबवलेल्या दोन मुलांच्या घरीही गेल्या. व्हॅनमधल्या त्यांच्या दोन जागा तोवर रिकाम्या होत्या. आमच्याच बिल्डिंगमधले लोक जागा मागत होते, तरी त्यांनी कुणाला दिल्या नव्हत्या. मी कारण विचारलं.

"पोरं कुठं रुसली होती माझ्यावर?" त्या म्हणाल्या. "रुसले ते मोठे."

एक मुलगा सोमवारी परत आला. दुसरा नव्या व्हॅनमध्ये रमला होता, तो आला नाही. त्याची जागा मावशींनी वार्षिक परीक्षेपर्यंत तशीच ठेवली आणि मग मनवेलपाड्याहून आचोळ्याला राहायला आलेल्या एका मुलीला दिली.