अर्ध्या पाकिटाची डॉक्टरकी

दिग्रसच्या आमच्या गल्लीत डॉक्टर एकच, ती म्हणजे मी. शिक्षण बी.ए., नोकरी पंचायत समितीत कारकुनाची, पण त्यानं काय अडतं? कोणाला पाच दिवसांच्या गोळ्या मिळाल्या की मी बजावायची, "ताप उतरला ना? मग बंद कर. उगाच पोटात आग कायले?" उरलेलं पाकीट माझ्या बिस्किटांच्या डब्यात जमा. मग ज्याला लागेल त्याला त्यातल्या दोन-दोन. कापसाच्या जिनिंगमधले शेजारी तर "वहिनी, घशाची गोळी द्या" म्हणत हक्कानं यायचे. मला भारीच मिरवल्यासारखं व्हायचं.

सगळ्यात आज्ञाधारक पेशंट आमचे हे. रिटायर झाल्यापासून त्यांना दर दोन-तीन महिन्यांनी लघवीची जळजळ. मी गोळी काढायची, ते मुकाट्यानं गिळायचे. दोन दिवस, बस्स! तिसऱ्या दिवशी गडी पानठेल्यावर हजर.

या खेपेला मात्र जळजळीसोबत तापही चढला, आणि डब्यातल्या तीन जातीच्या गोळ्या झाल्या तरी हटेना. थंडीनं दात वाजायला लागले, तशी गाडी करून यवतमाळ गाठलं. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई माझ्या लेकीच्या वयाच्या. बीपी पाहून त्यांचा चेहराच उतरला. ह्यांच्या दोन्ही हातांतून रक्त काढून त्यांनी बाटल्या तपासणीला पाठवल्या.

"काकू, लघवीतले जंतू रक्तात गेलेत. ते कोणत्या औषधानं मरतील हे कळायला दोन-तीन दिवस लागतील, आणि काकांजवळ तेवढा वेळ नाही. मला आत्ताच औषध निवडायचंय. अर्धवट घेतलेल्या औषधांना जंतू सरावतात, मग ती लागू पडत नाहीत. म्हणून नीट आठवून सांगा, आधी काय काय घेतलंय?"

मी तोंड उघडणार तेवढ्यात खाटेवरून हे म्हणाले, "काही नाई. मी गोळ्या घेतच नाई."

अगं बाई! मी बघतच राहिले. खरं सांगते, क्षणभर मला बरंच वाटलं. शेजारच्या खाटेजवळ आमच्याच गल्लीतल्या एक बाई कान टवकारून बसल्या होत्या. माझी अब्रू वाचली होती. डॉक्टरीणबाई इंजेक्शनचं नाव लिहायला लागल्या. माझी नजर ह्यांच्या ओठांवर गेली. ते निळसर पडले होते.

"थांबा वो!" मी ओरडलेच. "खोटं बोलून राह्यले ते! मीच देते त्याइले गोळ्या. दोन वर्षं झाली. एकदाबी पुऱ्या नाई दिल्या."

रडत रडत मी आठवतील ती नावं सांगितली, नाही आठवली तिथं रंग सांगितले. डॉक्टरीणबाईंनी लिहिलेलं खोडलं आणि दुसरं औषध लिहिलं.

तिसऱ्या दिवशी तपासणीचा कागद आला. माझ्या एकूण एक गोळ्यांना जंतू पुरून उरले होते. खोडलेल्या इंजेक्शनलाही. बदललेलं औषध तेवढं लागू पडत होतं. ताप उतरला होता आणि हे उशीला टेकून चहा मागत होते. मग मात्र मी तडकले.

"काहून खोटं बोलले तुमी?"

"लोकाइसमोर तुले खाली पाहा लागलं असतं ना."

"अन् तुमी मेले असते तं?"

ह्यांनी पाठीमागची उशी सारखी केली.

"ते तं ध्यानातच नाई आलं," म्हणाले.