लग्नाच्या बँडातले अण्णा आणि आमिश लोकांचं गाणं

परदेशात, तोआ पायोह नावाच्या वस्तीतल्या कम्युनिटी क्लबात दर रविवारी दुपारी आमच्या हौशी ब्रास बँडची तालीम असायची. मी तेव्हा तिथल्या विद्यापीठात पीएचडीनंतरचं संशोधन करत होतो आणि बँडात युफोनियम हे जाड आवाजाचं पितळी वाद्य वाजवायचो. दोन हजार सालानंतरची ती वर्षं. आमच्या बँडमास्तरांनी आमिश लोकांच्या आयुष्यावरची एक रचना बसवायला घेतली होती. हे अमेरिकेतले शेतकरी. घरात वीज घेत नाहीत, घोडागाडीने फिरतात, एखाद्याचं कोठार जळालं तर सगळी वस्ती मिळून नवं उभं करते. रचनेत घोड्यांच्या टापा होत्या, हातोड्यांचे ठोके होते आणि मधे त्यांचं एक जुनं, फार संथ प्रार्थनागीत होतं. तेवढं आम्हाला काही केल्या जमत नव्हतं. सूर मधेच तुटायचा.

त्या सुमारास अण्णा, म्हणजे माझे वडील, दोन महिन्यांसाठी आमच्याकडे आले होते. आईला जाऊन वर्ष झालं होतं. अण्णांनी तीस वर्षं मिरजेत लग्नाच्या बँडात कॉर्नेट, म्हणजे आखूड ट्रंपेट, वाजवलं. मला फुंकायला शिकवलं ते त्यांनीच. आई गेली आणि त्यांनी वाजवणं सोडलं. घरी एकटे काय करणार, म्हणून मी त्यांना तालमीला घेऊन गेलो.

बँडमास्तर साठीपुढचे चिनी गृहस्थ होते, मोजकं बोलणारे. मधल्या सुट्टीत त्यांनी मला इंग्रजीत विचारलं, ‘‘वडीलही वाजवतात का?’’

‘‘हो. ते संगीतशिक्षक होते,’’ मी म्हणालो.

विचार न करता तोंडून गेलं. कॉलेजात असल्यापासून मी लोकांना हेच सांगत आलो होतो. अण्णांना इंग्रजी बोलता येत नव्हतं, पण ‘टीचर’ हा शब्द कुणाला कळत नाही?

परतताना बसमध्ये ते खिडकीबाहेर बघत बसले. आमच्या इमारतीच्या लिफ्टपाशी आल्यावर म्हणाले, ‘‘मी शिक्षक कधी झालो रे?’’

‘‘तसं नाही अण्णा. लग्नाचा बँड म्हणजे काय, ते इथे कुणाला कळणार नाही.’’

‘‘सांगून पाहिलंस का कधी?’’

आठवडाभर ते माझ्याशी पाहुण्यासारखे वागले. जेवण झालं की स्वतःचं ताट विसळून ठेवायचे. रागावले असते तर बरं वाटलं असतं.

पुढच्या रविवारी मी विचारलं तर येतो म्हणाले. तालीम सुरू होण्याआधी मी बँडमास्तरांकडे गेलो. ‘‘मी खोटं बोललो. माझे वडील शिक्षक नव्हते. वरातीत वाजवायचे.’’

ते खुर्च्या लावत होते. ‘‘त्यांच्या ओठावरचा वण मी तेव्हाच पाहिला होता,’’ ते म्हणाले. ‘‘तो रस्त्यावर वाजवणाऱ्याचा वण. चालताना वाद्याचं तोंड ओठावर आदळून होतो. तरुणपणी मी अंत्ययात्रेच्या बँडात होतो. शवपेटीच्या लॉरीमागून उन्हात चालत वाजवायचो. माझ्या मुलांना हे कुणाला सांगितलेलं अजून आवडत नाही.’’

मी अण्णांना बोलावलं आणि ते सगळं शब्दन् शब्द मराठीत सांगितलं. अण्णांनी बँडमास्तरांना हात जोडले. मग माझ्यामार्फत दोघांचं बोलणं सुरू झालं.

‘‘हे आमिश लोक कोणती वाद्यं वाजवतात?’’ अण्णांनी विचारलं.

‘‘एकही नाही. देवापुढे नुसता गळा. वाद्य म्हणजे त्यांना मिरवणं वाटतं.’’

‘‘मग आपण त्यांचं वाजवायचं कशाला?’’

बँडमास्तरांनी हातातली खुर्ची रांगेत सरकवली. ‘‘मला गाता येत नाही म्हणून,’’ ते म्हणाले.

अण्णा हसले. मग मला म्हणाले, ‘‘त्यांना सांग, सगळे एकदम दम घेतात म्हणून सूर तुटतो. पाळीपाळीने घ्यायचा. शेजारचा दम घेतो तेव्हा आपण सूर धरून ठेवायचा.’’

बँडमास्तरांनी क्लबचं एक कॉर्नेट त्यांच्या हातात दिलं. अण्णांना नोटेशन वाचता येत नव्हतं. त्यांनी दोनदा चाल ऐकली, रुमालाने कॉर्नेटचं तोंड पुसलं आणि मागच्या रांगेत बसले. पहिलाच सूर फाटला. ते थांबले, ओठ ओले केले आणि पुन्हा वाजवू लागले. त्या दिवशी गाणं पहिल्यांदा शेवटपर्यंत अखंड गेलं.

वाद्य परत देताना अण्णांचे डोळे भरले होते. मला म्हणाले, ‘‘तुझी आई गेली तेव्हा वाजवायला हवं होतं मी. हातच उचलला गेला नाही.’’

कार्यक्रमाच्या आधीच त्यांची परत जायची तारीख आली. कार्यक्रम झाल्यावर मी मिरजेला फोन लावला. त्यांनी पहिलं विचारलं, ‘‘मधलं गाणं झाल्यावर टाळ्या पडल्या?’’

‘‘नाही अण्णा. कुणी हललंसुद्धा नाही.’’

‘‘बरं झालं,’’ ते म्हणाले. ‘‘ते तसंच ऐकायचं असतं.’’ आणि बँडमास्तरांना त्यांचा नमस्कार सांगायला सांगितला.