वरचा थर

वडील गेल्यावर माय भोकरच्या बाजारात मातीच्या चुली विकायची. त्यावरच आमचं पोट. केसाएवढा तडा असला तरी बाया चूल घेत नसत. बोटाच्या पेराने टकटक करून आवाज ऐकायच्या, मग तडा उमटतो का बघायला ओलं बोट फिरवायच्या. "तडकलेली देतीस व्हय मावशे? माझं घर फोडायलीस का?" असं म्हणून पुढं जायच्या. त्या आठवड्याला आम्ही कण्या खायचो.

दहावीच्या सुट्टीत मी शहाणपणा केला. ओढ्याकाठची काळीभोर माती वस्त्रगाळ करून पाच चुलींवर शेवटचा हात फिरवला. काय चमकल्या! दुसऱ्या दिवशी उन्हात पाचही चुलींवर भेगांचं जाळं.

माय ओरडली नाही. "चमकायला लावलीस व्हय? काळी लई आकसती. आतली माती जागची हलंना, वरची आखडून राहिली, मग फाटंल न्हाई तर काय? वरच्या मातीत भरड वाळू मिसळावी, म्हंजी ती आतल्यापेक्षा कमी आकसती. मग आतलीच तिला आवळून धरती. पण थोडाच फरक ठेव पोरी, न्हाईतर पापुद्रा सुटतो."

आमच्या घरात कॉलेज पाहिलेली मीच पहिली. लातूरला बी.एस्सी. झाले आणि नांदेडला एम.एस्सी.ला आले. प्रकल्प होता दोन पांढऱ्या पावडरींचे थर देऊन सिरॅमिकच्या चकत्या भाजायचा. तीन महिने प्रत्येक चकती वरून तडकली. सर म्हणाले, "या महिन्यात अख्खी चकती दाखवा, नाहीतर वर्ष गेलं समजा."

भिंगाखाली तडे पाहिले आणि ओळखीचं जाळं दिसलं. गुळगुळीत दिसावी म्हणून सगळ्यात बारीक पावडर मी वर लावली होती, आणि भट्टीत तीच जास्त आकसत होती. चूक तीच, फक्त आता अंगात पांढरा कोट होता.

वरच्या थरात थोडी भरड पावडर मिसळली आणि सहा चकत्यांची नवी खेप भाजली.

"कुठं वाचलंत हे?" सरांनी विचारलं.

"कुठं नाही सर. माझी माय चुली करायची."

"मग दोन्ही थर किती आकसतात ते मोजा."

मोजलं. वरचा थोडा कमी आकसत होता.

त्या खेपेतली एक चकती घरी नेली. आता मायकडं गॅस आहे, अंगणात ओल्या मातीचा वास नाही. तिनं पेरानं टकटक केलं, ओलं बोट फिरवलं. "आवाज बद्द न्हाई. चांगली हाय. पण भाकर कुठं भाजावी हिच्यावर?"

त्या खेपेच्या सहाही चकत्या बिनतड्याच्या निघाल्या. मी एम.एस्सी. झाले.