पलंगाची गाडी

माझ्यावर सगळ्यांत जास्त उपकार जव्हारच्या डॉक्टरबाईंचे आहेत. त्यांच्या दवाखान्यामागच्या खोलीत राहून मी शाळा केली, कॉलेज केलं आणि आमच्या घरातला पहिला पदवीधर झालो. पुढे मोखाड्याला शिक्षक म्हणून लागलो. बाईंविषयी लिहायचं म्हटलं की मला त्या आधी गाडीतच दिसतात. दोन्ही हात स्टिअरिंगवर, पदर कमरेला खोचलेला आणि शेजारच्या खुर्चीत कुणीतरी आडवं झालेलं.

गाडी त्यांच्या भावाची. ते आफ्रिकेत नोकरीला होते, परत येताना घेऊन आले आणि पुढे बहिणीला देऊन टाकली. लांब, जड, राखाडी रंगाची. तिच्या पुढच्या दोन्ही खुर्च्या बटणावर हलायच्या. एक बटण दाबलं की खुर्ची मागेपुढे सरकायची, दुसरं दाबलं की पाठ हळूहळू मागे पडायची. डावी खुर्ची पुढे घेऊन पाठ पूर्ण पाडली की ती मागच्या सीटला टेकायची आणि माणूस सरळ निजू शकायचा. जीपमध्ये दाटीवाटीत बसून अडलेली बाई दवाखान्यात आणायची म्हणजे काय हाल, हे आमच्याकडच्या लोकांना सांगायला नको. म्हणून वावर-दाभोशाकडच्या गावांतून कुणी निरोप घेऊन आलं की म्हणायचं, "बाई, पलंगाची गाडी पाठवा." पाठवणार कोण? बाई स्वतःच निघायच्या.

माझ्या बहिणीचं पहिलं बाळंतपण अडलं तेव्हा त्या दाभोशाकडच्या आमच्या गावी आल्या. बहिणीला खुर्चीत निजवलं. मागे मी आणि आत्या. गाडी गावाबाहेर पडली तशी आत्या चुळबुळायला लागली. तिने सूर्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "बाय, उठवा तिला. पाय दक्षिणेला झालेत."

आमच्याकडे दक्षिणेला पाय करून कुणी निजत नाही. दुखणाईत माणूस तर नाहीच नाही. आणि गाडीत निजलेल्या माणसाचे पाय जिकडे गाडी जाते तिकडे असतात. दाभोशाकडून जव्हार दक्षिणेला. त्याला कुणाचा इलाज नव्हता.

"आता दक्षिण मी कुठे हलवू?" बाई म्हणाल्या.

"दक्षिण नका हलवू. खुर्ची हलवा."

बाई हसल्या आणि बटण दाबलं. बहीण बसती झाली. पुढे वळण आलं, रस्ता पश्चिमेला वळला, आत्या म्हणाली, "आता निजवा." पुन्हा वळण, पुन्हा "उठवा". जव्हारपर्यंत हेच चाललं. मला लाज वाटत होती. मी नुकताच कॉलेजात जाऊ लागलो होतो. बहिणीची आणि बाळाची सुटका झाल्यावर मी बाईंना म्हटलं, "तुम्ही आत्याचं ऐकायला नको होतं."

"तुझी बहीण आत्याच्या तोंडाकडे बघत होती," बाई म्हणाल्या. "आत्या घाबरली असती तर ती दुप्पट घाबरली असती. बटण दाबायला मला काय कष्ट पडतात?"

आत्यासारख्या बायका गावोगावी होत्या. बाई सगळ्यांचं ऐकत. वर्षानुवर्षं ती खुर्ची माणसाच्या वजनासकट घाटातल्या प्रत्येक वळणावर उठत-बसत राहिली.

माझा पदवीचा निकाल लागला त्या दिवशी बाईंनी मला गावी सोडायला गाडी काढली. वाटेत त्यांनी न विचारता बटण दाबलं. "आज तू निजून जा. जाताना पाय उत्तरेलाच आहेत." मी संकोचलो. पाठ मागे पडली तरी मी न टेकता ताठ बसून राहिलो. त्यांनी खुर्ची पुन्हा वर घेतली. इतक्या साध्या गोष्टीला मी हो म्हटलं असतं तर त्यांना किती बरं वाटलं असतं, हे कळायला मला फार वर्षं लागली.

दोन हजार सालानंतर कधीतरी डावी खुर्ची अडली. बटण दाबलं की खालून मोटार घुंऽऽ करायची आणि खुर्ची जागची हलायची नाही. जव्हारच्या गॅरेजवाल्याने ती उलटी करून खोलली. हा भिवंडीला काम शिकून आलेला माणूस, निम्मं बोलणं हिंदीत. मोटारीच्या टोकाला स्क्रूसारख्या आट्यांचा लोखंडी दांडा होता आणि तो एका पांढऱ्या प्लॅस्टिकच्या दातेरी चाकाला फिरवायचा. सरकायचं एक चाक, पाठ पाडायचं एक. दोन्ही चाकांचे दाते झिजून सपाट झाले होते.

"मोटर एकदम चांगली आहे, बाई. गिअर खतम. म्हातारीच्या तोंडासारखे झालेत."

"म्हातारीचं तोंड माझ्यासमोर काढू नकोस," बाई म्हणाल्या. "दुसरे मिळतील?"

तो मुंबईच्या भंगार बाजारात जाऊन आला. मिळाले ते बसेनात. भावाने परदेशात पत्रं पाठवली, तिथून उत्तर आलं की त्या गाडीचे भाग आता निघत नाहीत. मग गॅरेजवाल्यानेच उजव्या खुर्चीखाली डोकावून पाहिलं आणि म्हणाला, "इथले दोन्ही सेम आहेत. आणि नव्यासारखे. तुम्ही आपली खुर्ची कधी हलवलीच नाही."

"मग ते काढ आणि तिकडे बसव," बाई लगेच म्हणाल्या.

"मग तुमची हलणार नाही."

"मला कुठे निजायचंय?"

त्यांना चालवायच्या जागी बसवून, पाय ब्रेकला नीट पोचतो ना ते बघून, त्याने उजवी खुर्ची तिथेच पट्टी मारून पक्की केली. मग डाव्या खुर्चीत चाकं बसवली, ग्रीस भरलं आणि बटण दाबलं. खुर्ची सरकली, पाठ पडली. बाई लहान मुलीसारख्या दोन-तीनदा बटण दाबून बघत होत्या. गॅरेजवाला म्हणाला, "एक रिक्वेस्ट आहे. वाटेत वर-खाली करू नका. एकदा निजवलं की जव्हारलाच उठवा."

"ते तू आत्यांना सांग," बाई म्हणाल्या. ते कुणीच कुणाला सांगितलं नाही.

त्यानंतरच्या एका पावसाळ्यात बाई दवाखान्याच्या पायरीवरून घसरल्या. उजवा गुडघा मोडला. ऑपरेशन झालं, काठी घेऊन त्या चालायला लागल्या, पण गुडघा पुरता वाकेना. गाडीत बसायला गेल्या तर पाय आत जाईना, कारण खुर्ची पुढे होती. गॅरेजवाल्याने पट्टी काढून खुर्ची मागे नेऊन पक्की केली. पाय आत गेला, पण मग ब्रेकपर्यंत पोचेना. आत शिरताना खुर्ची मागे हवी आणि बसल्यावर पुढे हवी. त्याचसाठी तर ते बटण होतं, आणि त्याची चाकं डाव्या खुर्चीत गेलेली होती.

मी म्हटलं, "बाई, परत इकडे बसवूया."

"आणि निजणाऱ्याने काय करायचं?"

"जीप आहेत की आता."

"तुझ्या बहिणीला जीपमध्ये घालून आणलं असतंस?"

त्यानंतर स्टँडवरचे जीपवाले पाळीपाळीने गाडी चालवायला येऊ लागले. बाई पाय लांब करून मागच्या सीटवर बसायच्या, पेशंटच्या डोक्याशी. एकदा इतकंच म्हणाल्या, "मागून रस्ता दिसत नाही रे. कुठे आलो ते कळत नाही."

माझा एक जुना विद्यार्थी नाशिकला एका कारखान्यात होता. तिथे नायलॉनची चाकं कापून देत. तो म्हणाला, "सर, करून देतो, पण नमुना चांगला पाहिजे. झिजलेल्यावरून दात्याचा आकार कळत नाही." म्हणजे डाव्या खुर्चीतली चाकं काढून काही दिवस नाशिकला पाठवायला हवी होती. बाई म्हणाल्या, पावसात नको, याच दिवसांत रस्ते वाईट असतात. मग म्हणाल्या, भातकापणी होऊ दे, माणसं शेतावर पडतात-बिडतात. मग जामसरला एका सुनेचे दिवस भरत आले होते. दर वेळी कारण खरं असायचं, म्हणून मी दर वेळी मान हलवली. एकदा न विचारता चाकं काढून न्यायला हवी होती. त्या रागावल्या असत्या आणि महिन्याभरात स्वतः गाडी चालवत शाळेत मला शोधत आल्या असत्या.

पुढे सरकारी रुग्णवाहिका येऊ लागल्या. पलंगाच्या गाडीला बोलावणं कमी झालं, मग थांबलं. बाईंची भाची पुण्याहून त्यांना न्यायला आली. निघताना त्या भाचीच्या गाडीत मागे पाय लांब करून बसल्या होत्या. किल्ली माझ्या हातात देत म्हणाल्या, "बॅटरी उतरू देऊ नकोस."

त्या पुण्याला गेल्यावर नमुना द्यायला कुणाचीच अडचण उरली नाही. चाकं नाशिकला गेली, नवी होऊन आली. गॅरेजवाल्याने ती उजव्या खुर्चीत बसवली, जुनी पुन्हा डावीत घातली. त्या संध्याकाळी मी बाईंना पत्र लिहिलं. ते पोचलं तेव्हा बाई अंथरुणाला खिळल्या होत्या, त्यांना वाचून दाखवावं लागलं, असं भाचीने नंतर कळवलं. ऐकून त्यांनी विचारलं, "कुठे आलो आपण?" बाई परत जव्हारला आल्या नाहीत. पत्र असं होतं:

तीर्थरूप बाई,

तुमची खुर्ची आज हलली. बटण दाबल्यावर घुंऽऽ न करता पार मागे गेली आणि पुढेही आली. गॅरेजवाल्याने माझ्यासमोर पुन्हा पुन्हा करून दाखवलं. आवाजही जुन्यासारखाच आहे.

तुमचा पाय आत जाईल की नाही हे बघायला मी शाळेतली लाकडी पट्टी माझ्या उजव्या गुडघ्याला बांधली आणि न वाकवता आत बसलो. जातो. मग खुर्ची पुढे घेतली आणि टाचेने ब्रेक दाबला. दाबला जातो. गॅरेजवाला हसत होता, पण मग त्यानेही करून पाहिलं.

उशीर झाला हे मला कळतं. तुम्ही नको म्हणत होतात तेव्हा मी ऐकायला नको होतं. तुमचं ऐकायची मला सवयच लागली होती.

बॅटरी उतरू दिलेली नाही. आत्या विचारते, पलंगाची गाडी चालू झाली का. तिला हो म्हणून सांगितलंय.

तुम्ही या. चालवावीशी वाटली तर तुमची जागा तयार आहे. नाही वाटली तर मी चालवीन, हळू. तुम्ही पुढे डावीकडे निजा, तिथून रस्ता दिसेल. दाभोशाकडेच जाऊ, म्हणजे पाय उत्तरेला राहतील आणि वाटेत तुम्हाला कुणी उठवणार नाही. येताना मात्र आत्या मागे असेल, तेव्हा चाकांचं काय होईल ते होवो.

दवाखान्यामागच्या खोलीतला,
तुमचा मुलगा