इस्त्रीवाल्या मावशींचा अबोला

आजारपणात उजवा हात लुळा पडला, तेव्हा इस्त्रीवाल्या मावशींनी देवाशी अबोला धरला. तीस वर्षं लोकांचे कपडे कडक करून दिले, त्याचं हे बक्षीस? मग चडफडत त्या डाव्या हाताने इस्त्री शिकायला लागल्या. पहिल्याच शर्टाला भोक पडलं.

रोज सकाळी दुकान उघडलं की त्या वर बघून बजावायच्या, "आजही मी तुझ्याशी बोलणार नाहीये. काल परत एक बाही करपली, तुझ्यामुळेच. आणि खांदा ठणकतोय, तेही ऐकून ठेव."

सहा महिन्यांनी एकदा पँटची क्रीज अगदी सुतासारखी सरळ पडली. मावशींनी पँट उंच धरली आणि वर बघून म्हणाल्या, "बघितलंस?"

चहा घेऊन आलेला नवरा दारातच हसायला लागला. "अगं, तुझा अबोला होता ना?"

मावशी आधी ओशाळल्या, मग त्यांनाही हसू आवरेना.

"होताच मुळी. पण सहा महिने माझी बोलणी खाऊनही तो जागचा हलला नाही. मग ही पँट पहिल्यांदा त्यालाच नको दाखवायला?"