संगजिऱ्याची पुडी

माझं सायकलचं दुकान रोह्यात पोलीस ठाण्यासमोर, त्यामुळे पंच म्हणून नेहमी मलाच हाक. कोऱ्या कागदावर सही ठोकायची आणि पंक्चरकडे परतायचं.

त्या दिवशी हमरापूरच्या एका मूर्तिकार बाईला पांढऱ्या पावडरीच्या पुडीसकट आणलं होतं. अमली पदार्थाचा संशय. मी पेन उघडलं.

"थांबा भाऊ." नखांत रंग भरलेला हात तिनं कागदावर ठेवला. "आधी माज्यासमोर वजन करा, सील लावा, मग लिवा. सही शेवटी. संगजिरा हाय तो, मूर्ती साच्याला चिकटू नये म्हनून."

तसंच केलं, मी सही शेवटी केली. तपासणीत संगजिराच निघाला.

भाद्रपदात पोलीस ठाण्याचा गणपती घेऊन तीच आली. साहेब पोचपावतीवर सही करू लागले.

"आधी मूर्ती बगा, सायेब. सही शेवटी."

साहेबांनी पेन खाली ठेवलं आणि सोंडेपासून उंदरापर्यंत मूर्ती पाहिली. दारातून मी जोरात ओरडलो, "मोरया!"